मागच्या इमारतीची यादी

"तुमी आपल्यातलेच, म्हनून मोकळं बोलून राहिलो," सोसायटीचे अध्यक्ष म्हणाले आणि माझ्याच घरात, माझ्या एकुलत्या एका खुर्चीत बसून त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला.

घर म्हणजे दोनशे चार. शहराबाहेर, वाडी गावाच्या पुढे, जिथं आधी संत्र्याची झाडं होती, तिथं स्वस्त घरांच्या योजनेत दोन इमारती उभ्या झाल्या. एक रस्त्याकडे, एक मागे नाल्याकडे. सोडतीत मला रस्त्याकडचं घर लागलं. किल्ली मिळून चार दिवस झाले होते. सामान अजून बांधलेलंच होतं.

कागदावर चौदा नावं होती. सगळी आमच्याच इमारतीतली. बुटीबोरीच्या कारखान्यातला एक यूपीवाला, दोन मुसलमान ड्रायव्हर, बाकी आमची. आमची म्हणजे बौद्ध.

"यायले मागं पाठवू. मागचे आपले चौदा घरं समोर घेऊ. आपसात अदलाबदल. यायलेबी बरं वाटन, आपल्या-आपल्यात राहतीन. तुमी फक्त संमतीची सही करा."

मी त्या यादीत का नव्हतो? इथं हसायला हरकत नाही. अध्यक्षांनी माणसं निवडली होती आडनावांवरून, आणि माझं आडनाव त्यांच्या कुणब्यांतही आहे, आमच्यातही. त्यांनी इतकी बारीक चाळणी लावली आणि नव्वद किलोंचा माणूस तिच्यातून आरपार गेला!

मला गंमत वाटली. खरंच वाटली. वस्तीच्या नाटकात मी नेहमी सावकार व्हायचो. म्हटलं, थोडी अदाकारी होऊन जाऊ दे. "वा! फारच इचार केला तुमी." ते फुलले. मी बायकोला चहा ठेवायला सांगितलं.

ही कला माझी जुनी. याआधी शहरात, नंदनवन वस्तीत अकरा वर्षं भाड्यानं राहिलो. घरमालकिणीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कुणबीच ना तुमी?" मी नुसता हसलो होतो. हसण्याला खोटं म्हणता येत नाही, अशी स्वतःची समजूत घातली होती. त्या एका हसण्यापायी आई अकरा वर्षं फोनवर "जय भीम" म्हणायला मोरीत जायची. बुद्धाची मूर्ती ट्रंकेत राहिली.

आत्ताही आई ट्रंकेपाशीच बसली होती. मूर्ती नुकतीच बाहेर काढलेली, तिच्या हातात. अध्यक्षांची तिच्याकडे पाठ होती. तिनं मूर्ती पुन्हा लुगड्यात गुंडाळली. आत ठेवली. झाकण अलगद लावलं, आवाज होऊ नये म्हणून.

मी काही सांगितलं नव्हतं. तिला सवय होती. ती सवय मी लावली होती.

माझं हसू तिथंच मेलं.

मी यादी मोठ्यानं वाचायला घेतली. एकेक नाव, बापाच्या नावासकट. चौदा झाली. मग खिशातून पेन काढला आणि पंधरावं लिहिलं. माझं.

"हे काय करून राहिले?"

"एक राहून गेलं होतं, काका. आमी बौद्ध आहो."

चहा आला होता. त्यांचा हात कपापर्यंत गेला आणि तिथून गुडघ्यावर परत आला. इतकी नेमकी हालचाल मी रंगमंचावरही पाहिलेली नाही.

"आधी काहून नाही सांगितलं?" आवाज चक्क दुखावलेला. जणू फसवणूक त्यांची झाली होती!

"तुमी विचारलं कुठं? तुमी तं ठरवूनच आले."

"मंग तुमालेबी मागं जा लागन."

"नाही जात."

त्यांनी कागद परत मागितला. मी दिला नाही.

ते गेल्यावर आई म्हणाली, "काहून बोलला गा? इथं जलमभर राहाचं हाय."

"म्हनूनच, माय."

संध्याकाळी मी चौदाही दारं वाजवली. तिघांनी आधीच होकार दिला होता. मागं शांतता आहे, असं त्यांना सांगितलं होतं. एक आमचाच माणूस, नंदनवनातलं माझं सगळं ठाऊक असलेला, उंबऱ्यातून म्हणाला, "अकरा वर्स लपून राहिला, आन् आता आमाले शिकवाले आला?"

त्याचं खरं होतं. मी पुढचं दार वाजवलं.

रविवारी आवारात सभा आहे. अध्यक्ष अदलाबदलीचा ठराव मांडणार. माझ्या बाजूनं किती हात वर होतील, ठाऊक नाही. मी उभा राहणार. आधी नंदनवनातलं माझं खोटं सांगणार, सगळ्यांसमोर, आईसमोर. मग यादी वाचणार, आणि ती कुणी केली तेही सांगणार. एकटा पडलो तरी सही करणार नाही. घरही सोडणार नाही.