मायक्रॉनकाकांचे आठ चुंबक

लोखंडाला हात लावण्याआधी ते त्यावर फुंकर मारत. पेन्सिल कानामागे नाही, टोपीच्या शिवणीत खोचत. 'जवळजवळ' हा शब्द त्यांना चालत नसे, कुणी म्हटलाच तर विचारत, "म्हणजे किती?" हात मिळवण्याआधी हात पुसत, आणि मिळवल्यावरही. घरातलं टेबल डुगडुगलं तर पायाखाली घडी केलेला कागद त्यांना पटत नसे. मापून घासलेली पत्र्याची चकतीच लागे. पोलाद किती तापलंय ते मनगटाच्या आतल्या बाजूने बघत, बाळाचं दूध बघावं तसं. आणि बोलताना डावा हात खिशात ठेवत. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

वर्कशॉपमध्ये सगळे त्यांना मायक्रॉन म्हणत, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मी मायक्रॉनकाका म्हणायचो. गेल्या मंगळवारी ते गेले. मला अजून ते नीट कळलेलं नाही, म्हणून जे माहीत आहे तेवढंच लिहितो.

मी साहित्य शिकलो आणि छापखान्यात मुद्रितं तपासायला लागलो. दर पंधरा दिवसांनी कागद कापायच्या मशीनचं पातं धार लावायला घेऊन जाणं हेही माझ्याच गळ्यात पडलं. काका ग्राइंडरवर असत.

"या साहित्यिक. काय कापलंत एवढं?"

"शाळेची पुस्तकं."

"तरीच बोथट झालंय."

अशी ओळख झाली. मी पंचविशीतला, ते अठ्ठावन्नचे. धार लावून होईपर्यंत मी तिथेच स्टुलावर बसायचो. पुढे पुढे पातं नसतानाही जायला लागलो.

वर्कशॉप त्यांच्या मेव्हण्याचं. मालक वयाने लहान, पण मशीनवर काका सांगतील ते खरं. पातं ग्राइंडरच्या टेबलावर धरायला चार पट्ट्या आणि चार नट होते. एकदा नट आवळताना काकांच्या हातातून पाना निसटला. मग पुन्हा. तिसऱ्यांदा त्यांनी डावा हात खिशातून काढला तेव्हा मी तो पाहिला. अंगठ्याजवळचं मांस आत गेलं होतं. फळ सुकतं तसं.

"नसांचं काहीतरी आहे," ते म्हणाले. "डॉक्टरने नाव सांगितलं. लांबलचक आहे. उजवाही जाणार म्हणतो."

"कधी?"

"त्याला 'जवळजवळ'च बोलता येतं."

ते हसले. मला हसता आलं नाही.

"चाळीस वर्षं मी वस्तू धरून ठेवल्या," ते म्हणाले. "आता घरात बसून काय करू, हाताची घडी?"

त्यानंतर त्यांनी चुंबक करायला घेतले. बोटांनी आवळायचं ते विजेने धरायचं, एवढीच कल्पना. मऊ लोखंडाचे आठ ठोकळे कापले, त्यांची तोंडं घासून एका पातळीत आणली. प्रत्येकावर तांब्याची तार गुंडाळायची, चारशे वेढे. मग सगळे एका जाड लोखंडी पाटावर रांगेत उभे करायचे आणि बॅटरीच्या चार्जरवर चालवायचे. एकाचं तोंड उत्तर, तर शेजारच्याचं दक्षिण. आळीपाळीने असले तरच ते एकमेकांच्या जोडीने पातं धरतात.

गुंडाळायचं काम घरच्या जेवणाच्या टेबलावर चाले. काका ठोकळा फिरवत, काकू तार सोडत आणि मोजत.

"दोनशे चौऱ्याहत्तर, दोनशे पंच्याहत्तर... अहो, पंच्याहत्तर झाले ना?"

"तू मोजतेयस, मला काय विचारतेस?"

"तुम्ही मध्ये बोलता म्हणून चुकतं."

"मी कुठे बोललो?"

"आत्ता काय करताय मग?"

पहिल्यापासून सुरुवात. मी त्या टेबलावर तीन संध्याकाळी बसलो होतो. त्या घरात इतका वेळ हसणं मी पुन्हा ऐकलं नाही.

तारेच्या सुरुवातीच्या टोकाला काका दोऱ्याची बारीक गाठ मारत. जोडताना ती बोटाने चाचपली की वेढे कुठून सुरू झाले ते कळे. मालकाने विचारलं होतं, "भावोजी, होकायंत्र धरून बघा ना, सुई सांगेल." काका म्हणाले, "बोटाला कळतं त्याला सुई कशाला?"

पहिल्या दिवशी मीच पातं नेलं होतं. त्यांनी बटण दाबलं. पातं टक् करून बसलं.

"ओढ."

मी दोन्ही हातांनी ओढलं. मग पाय लावून ओढलं. हललं नाही.

"एवढं तर मला माझ्या चांगल्या दिवसांतही जमलं नसतं," ते म्हणाले. मालक लांबून बघत होता. पट्ट्या आणि नट त्याने उचलून कपाटात ठेवले.

चार महिने बरे गेले. त्या चार महिन्यांत उजवा हातही सुकत चालला होता. शर्टाची बटणं काकू लावू लागल्या. पण मशीनचं चाक तळव्याने फिरवता येत होतं, आणि धरण्याचं काम चुंबक करत होते.

मग टोकाच्या चुंबकाची तार जळली. काका आणि काकूंनी नवी गुंडाळली. त्याला दोन दिवस लागले. काकांनी चुंबक जोडला, गाठ चाचपली. पातं बसलं, टक् आवाजही आला. मी स्टुलावर होतो. मालक मशीनच्या उजव्या अंगाला उभा होता आणि फोन वाजला म्हणून दाराकडे गेला.

ग्राइंडरचा फिरता दगड पात्याच्या टोकाला टेकला आणि पातं फिरलं. मोठा आवाज झाला. दगड फुटला. तुकडे दगडावरच्या झाकणात अडकले, पातं मात्र सुटून भिंतीत घुसलं. मालक मघाशी उभा होता बरोबर त्याच्या मागे, छातीच्या उंचीवर.

कुणाला काही लागलं नाही.

काकांनी मशीन बंद केली, चुंबकांची वीज तेवढी चालू ठेवली. मालकाच्या टेबलावरून होकायंत्र आणलं आणि एकेका चुंबकावर धरलं. सुई उलटसुलट होत गेली. सातव्यावर आणि आठव्यावर ती एकाच बाजूला वळली. शेवटचा उलटा जोडला गेला होता.

"गाठ लागली नाही बोटाला," ते म्हणाले. "मला वाटलं, लागली."

मालक भिंतीकडे बघत होता. त्याचा आवाज अगदी हळू होता.

"भावोजी, उद्यापासून येऊ नका."

"चूक सापडलीय. टोकं बदलली की झालं."

"मला दोन लहान पोरी आहेत, भावोजी."

काकांनी होकायंत्र मालकाच्या टेबलावर परत ठेवलं. मग म्हणाले, "टोकं नुसती बदलत नाही, आठवा मी नव्याने गुंडाळतो. प्रत्येकावर सुई लावून दाखवतो. तुझ्यासमोर. मग एक पातं घासू दे. एकच."

"बघू," मालक म्हणाला.

त्या 'बघू'वर ते आठ दिवस जगले. मी रोज संध्याकाळी जात होतो. ठोकळा त्यांच्या बोटांत थांबत नसे. मांड्यांमध्ये दाबून, तळव्यांनी फिरवत. दिवसाला पंधरा वेढे. कधी दहा, कधी अठरा. मी म्हटलं, "मी फिरवतो, काका." ते म्हणाले, "मग तो तुझा होईल. त्याला माझा दाखवायचाय." सातव्या दिवशी त्यांनी विचारलं, "मालक काही बोलला का रे?" मी वर्कशॉपमध्ये जाऊन आलो होतो. पट्ट्या पुन्हा मशीनच्या टेबलावर लागल्या होत्या आणि मशीनवर नवा माणूस होता. मी म्हटलं, "नाही, काही नाही."

मंगळवारी सकाळी काकू अंघोळीचं पाणी काढून आल्या तेव्हा ते खुर्चीत होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. हातांचा त्याच्याशी संबंध नाही म्हणाले.

काल मी गेलो होतो. ठोकळा टेबलावर आहे, तार रिळाला जोडलेली. वेढे सैल पडू नयेत म्हणून काकूंनी त्यावर चिमटा लावलाय. जेवायच्या वेळी त्या सगळं दोन्ही हातांनी उचलून खिडकीत ठेवतात आणि नंतर परत आणतात. शेजारच्या कागदावर त्यांच्या अक्षरात आकडा आहे, एकशे अठरा. दोनशे ब्याऐंशी वेढे राहिलेत.