डाव्या हाताचा घास

पासष्टी उलटल्यावर मी चोरून जेवायला लागले. उजवं कोपर मध्येच अडकायचं. घास उचलला की हात तोंडापासून वीतभर अलीकडे थांबायचा. मग सगळ्यांचं झाल्यावर मी स्वयंपाकघरात पाठमोरी बसून डाव्या हाताने वरणभात खायचे.

एकदा लेकीने पकडलं. ती सिन्नरच्या कारखान्यात इंजिनिअर, जन्माची डावखुरी. दारातूनच म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?"

वाक्य माझंच होतं. ती चार वर्षांची असताना तिचा डावा हात जुन्या साडीच्या पट्टीने बांधून मी तिला जेवायला बसवत असे. शेजारणींसमोर मान खाली जाऊ नये, एवढीच तेव्हा माझ्या शहाणपणाची झेप.

तिने रजा टाकून मला डॉक्टरांकडे नेलं. सांध्याच्या आतलं अस्तर बिघडून कूर्चेचे, म्हणजे मऊ हाडाचे, दाणे तयार करतंय, कोपरात हे फार क्वचित होतं, असं त्यांनी सांगितलं. "आजी, दुर्बिणीतून दाणे काढू, अस्तर खरवडू. हात तोंडापर्यंत जाईल असं वाटतं, पण शब्द देत नाही."

ऑपरेशननंतर त्यांनी बाटली दाखवली. आत पांढरे टपोरे दाणे.

"भिजवलेला साबुदाणाच की. एकादशीला चालेल," मी म्हणाले. नर्स हसली. लेक हसली नाही.

पुढे दीड महिना तिने रोज कामावरून येऊन माझ्याकडून व्यायाम करून घेतला.

"अजून थोडा वाकव."

"दुखतंय गं."

"मलाही दुखायचं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मी हात आणखी वाकवला.

एका रविवारी घास तोंडात पोचला. शेवटचं बोटभर अंतर मानेने भरून काढलं, पण पोचला. आनंदाने शेजारी पाहिलं तर लेक उजव्या हाताने जेवत होती. सही डाव्या हाताने करते, चमचा डाव्यात धरते, हाताने जेवताना मात्र अजून उजवा.

"डाव्याने जेव गं. माझं चुकलंच तेव्हा."

"आता नाही जमत, आई. सांडतं."

माझ्या कोपरातलं काढता आलं. हे कुठल्या दुर्बिणीतून काढणार? मी डाव्या हाताने वरणभात कालवला आणि घास तिच्यापुढे धरला.

"सांडेल," ती म्हणाली.

"सांडू दे."

अर्धा तिच्या ओढणीवर सांडला. उरलेला तिने खाल्ला.