रांगोळी-खडूच्या चित्रांपुढं थांबलेली रुग्णवाहिका

मंडळी, अजून जीव थाऱ्यावर नाही.

आज सकाळी आमच्या गल्लीत खडूचित्रांचा उत्सव होता. रस्ता दोन्ही टोकांना बांबू बांधून मीच बंद केला होता. मुलं, आजीआजोबा सगळे चित्रांत रमले होते.

तेवढ्यात सायरन वाजला. रुग्णवाहिकेत छातीत कळ आलेले एक काका होते. "दुसरा रस्ता हाय का?" ड्रायव्हरनं विचारलं.

"न्हाय. चित्रांवरनंच घाला," मी म्हटलं आणि मुलांना बाजूला घेतलं.

पण बांबूंच्या गाठी सुटेनात. मागून काकांच्या बायकोचा आवाज आला, "ताई, लवकर करा की."

शेवटी दोऱ्या कापल्या. तोवर पाच मिनिटं गेली.

परवानगीपासून खडूपर्यंत सगळं मी बघितलं, पण रुग्णवाहिका आली तर रस्ता झटकन कसा उघडायचा, एवढंच सुचलं नाही. ते काका कसे आहेत, कुणाला कळलंय का?