पोरांचे दात आणि आईबापांचं भ्याव

सोनपेठच्या दवाखान्यात मी नर्स होते तेव्हाच्या गोष्टी काढल्या की माझ्या मैत्रिणींना वाटतं, आता पटकी नाहीतर साप चावल्याचं काहीतरी येणार. तसलं पण लय झालं. पण माणूस तापातून उठला की ताप विसरून जातो. पोराच्या दातापायी खाल्लेलं भ्याव मात्र आईबाप विसरत नाहीत. पंचवीस वर्षांनी बाजारात भेटले तरी आधी तेच काढतात. अशा एकेक करत माझ्याकडं पोतंभर गोष्टी जमल्यात.

याला कारण आमचे डॉक्टरसाहेब. निजामाच्या राज्यातलं सरकारी औषधालय, डॉक्टर हैदराबादकडचे, उंच, हळू बोलणारे. पोरगं खोकल्यासाठी येवो की खरजेसाठी, ते आधी त्याचे दात बघायचे. आईला विचारायचे, रात्री झोपताना गूळ देता का, सकाळी चूळ भरायला लावता का. आया चक्रावायच्या. पोट दुखतंय म्हणून आणलंय आणि हे दातातच बघायलेत!

०

त्या काळी लोकांत एक पक्कं होतं. वरचा दात काढला की डोळा जातो.

सखाराम म्हणून एक मेंढरंवाला होता. लांडग्याच्या मागं काठी घेऊन पळणारा गडी. त्याच्या पोराची वरची दाढ किडली होती, गाल सुजून डोळ्यापर्यंत आला होता. बाप काढू देईना. डॉक्टरसाहेबांनी त्याला समोर बसवून समजावलं की दाढ ठेवली तरच डोळ्याला धोका आहे. कसाबसा तयार झाला. दाढ निघाली. पोरगं थोडं रडलं आणि गप झालं.

बापाचं काही समाधान होईना. पोराला खांद्यावर घेऊन निघाला, आणि रस्ताभर त्याच्यासमोर बोटं नाचवत विचारत राहिला, हे काय, ते काय, ते झाड कशाचं. पोरगं कंटाळलं. वेशीपाशी गेल्यावर त्यानं सांगितलं, "आबा, काईच दिसंना."

सखाराम तसाच उलटा पळत आला. दवाखान्याच्या पायरीवर पोराला ठेवलं आणि स्वतः भिंतीला टेकून खाली बसला. "पोराला दिसंना," एवढंच म्हणाला. आम्हीही हादरलो. डॉक्टरसाहेब खाली वाकून पोराच्या डोळ्यात बघायला लागले, तर पोरगं त्यांना म्हणालं, "तुमच्या मिशीला भाताचं शीत लागलंय."

०

दुसरी गोष्ट एका मामाची.

बाळाचे वरचे दात आधी आले तर मामावर जड, असं आमच्याकडं समजतात. चारठाण्याकडची एक लेकुरवाळी बाई माहेरी सोनपेठला आली होती. तिच्या बाळाच्या वरच्या हिरड्यात दोन पांढरे ठिपके दिसले आणि घरात कुणी जेवेना. तिचा भाऊ विशीतला, एकुलता एक. तो झोपेतून दचकून उठायला लागला. विहिरीवर जाईना, बैलाजवळ जाईना.

एक दिवस तोच बाळाला उचलून आमच्याकडं आला. म्हणाला, हे दोन काढून टाका. मागून बहीण धावत आली, अनवाणी. तिनं बाळ ओढून घेतलं आणि तिथंच रडायला लागली. तिला भाऊही पाहिजे होता आणि बाळाच्या तोंडाला चिमटाही लागू द्यायचा नव्हता.

डॉक्टरसाहेबांनी भावाला हसून घालवलं नाही. जवळ बसवलं आणि म्हणाले, दात काढले तर बाळाच्या हिरडीत जखम होईल, जखम चिघळली तर बाळ दगावेल, मग तू जगून काय करशील? त्यापेक्षा हे दात तुझ्या हवाली. रोज ओल्या फडक्यानं पुसायचे. दात चांगले राहिले तर तू चांगला राहशील.

बहीण तिथं होती तोवर त्यानं रोज दात पुसले. देवपूजा करावी तसे. पुढं ती भाच्याला घेऊन आली की हा आधी त्याचं तोंड उघडून बघायचा.

त्या भाच्याच्या लग्नाला मी गेले होते. नवरदेवाचे बत्तीसच्या बत्तीस दात मोत्यासारखे. मामा शेजारी उभा होता, ठणठणीत, आणि त्याच्या तोंडात एक दात शिल्लक नव्हता.

०

कोंडाबाई रोजानं निंदायला जायची. तिची लेक चार वर्षांची. पोरगी रानात रडली की मुकादम ओरडायचा, दुसऱ्या दिवशी कामावर घ्यायचा नाही. म्हणून कोंडाबाईनं तिच्या हिरड्यांना मिश्री लावायची सवय लावली. तंबाखू भाजून केलेली काळी पूड, बायका दाताला लावतात ती. पोरगी गुंगून बांधावर पडून राहायची.

आमच्याकडं आली तेव्हा पोरीचे पुढचे दात मुळापर्यंत काळे झाले होते आणि मिश्री मिळाली नाही की ती अंग टाकून द्यायची. डॉक्टरसाहेब आईला रागावले. कोंडाबाई खाली बघून म्हणाली, "साहेब, दातापायी काम गेलं तर चावायचं काय?"

ते म्हणाले, पोरीला इथं सोडत जा. मग दुसऱ्या दिवसापासून निंदणीच्या वेळी पोरगी दवाखान्याच्या ओट्यावर, माझ्या नजरेखाली राहायला लागली. पहिले काही दिवस तिनं गाव डोक्यावर घेतलं. मला चावली. मीठ-पाण्याची चूळ माझ्याच अंगावर टाकली. एकदा तिला आकडीच आली आणि मला वाटलं, गेली ही पोरगी आपल्या हातात. पण निभावली.

महिन्याभरानं कोंडाबाईला विचारलं, तू सोडलीस का गं मिश्री? ती म्हणाली, कवाच. कडेवरची पोरगी म्हणाली, "माय न्हाणीत लावती."

०

रंगनाथराव म्हणजे मोठे जमीनदार, गोदावरीच्या काठचे. त्यांच्या मुलीचं लग्न ठरलेलं. मुलगी आठ-नऊ वर्षांची. तेव्हा तसंच होतं. तिची खालची दाढ दुखायला लागली, पण दात काढलेली पोरगी सोयरे नको म्हणतील, या भ्यावानं त्यांनी ते घरातच दाबलं. लवंग झाली, शेक झाला, अंगारा झाला. शेवटी पोरीला पाणी गिळता येईना तेव्हा आम्हाला बोलावणं आलं.

गेलो तर जबड्याखाली गळ्यापर्यंत सूज, तोंड उघडेना, डोळे तेवढे फिरत होते. डॉक्टरसाहेब घाबरलेले मी तिथं पहिल्यांदा पाहिले. सूज आत गेली तर श्वास कोंडेल, म्हणाले. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. गाडी जुंपून घाटावर आलो तर नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. नावाडी म्हणाला, आज नाव घालणार न्हाई, पोरीसंगं समदेच जातील.

पोरीच्या घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

डॉक्टरसाहेबांनी बैलगाडीतच चादर अंथरली. रंगनाथरावांना सांगितलं, डोकं धरा, हलू देऊ नका. तो माणूस गावाला दरडावणारा, पण लेकीचं डोकं मांडीवर घेऊन नुसता पुटपुटत होता. मी नावाड्याच्या चुलीवर पाणी उकळून आणलं. साहेबांनी जबड्याखाली चीर दिली. वाटीभर पू निघाला. क्षणभर काहीच नाही, आणि मग पोरीनं असा टाहो फोडला की बैल बिचकले.

मी तिला गप करायला गेले. रंगनाथरावांनी माझा हात धरला.

"रडू द्या बाई. तिचा आवाज ऐकायलोय."

०

आता शेवटची. डॉक्टरसाहेब पुढं पेन्शन घेऊन गेले ते आमच्याच गावातून, म्हणून ही सांगायला जीभ वळते.

पोलीस ॲक्शन झालं, निजामाचं राज्य गेलं, ते दिवस. आधी रजाकारांच्या धास्तीनं हिंदू दारं लावून बसले होते, आता मुसलमान बसले. कुठल्या गावात काय झालं याच्या बातम्या यायच्या आणि अन्न गोड लागायचं नाही. डॉक्टरसाहेब मुसलमान, म्हणून लोकांनी त्यांना सांगितलं, हैदराबादला जा. ते गेले नाहीत. बायको आणि दोन मुली दवाखान्यामागच्या खोलीत होत्या.

भर दुपारी माणसं आली. बाहेरगावची होती, ओळखीचं तोंड दिसेना. हातात कुऱ्हाडी, काठ्या. मी ओट्यावर एकटी. पुढचा म्हणाला, डॉक्टरला बाहेर काढ. मी म्हणाले, आत पेशंट हाईत. आत एकही पेशंट नव्हता.

तेवढ्यात त्या माणसांच्या मधून वाट काढत एक बाई आली. कडेवर तान्हं पोर, त्याच्या हनुवटीवरून डोक्याला फडकं बांधलेलं. मी तिला कधी पाहिलं नव्हतं. ती पायरीवर बसली आणि मला म्हणाली, "पोराचा दात दुखायलाय. डॉक्टरास्नी बोलवा."

तिच्या मागं दुसरी आली. मग गल्लीतून आणखी. सगळ्यांच्या कडेवर, बोटाशी पोरं, सगळ्यांच्या गालांना फडकी. ओटा भरला, पायऱ्या भरल्या, दारापुढची जागा भरली. कुऱ्हाडवाला म्हणाला, बाई, उठा इथून. ती म्हणाली, "पयला नंबर माझा हाय."

दार उघडलं. डॉक्टरसाहेब बाहेर आले. चेहरा कागदासारखा पांढरा. ते स्टुलावर बसले, बाईनं पोर त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी फडकं सोडलं आणि बोटानं हळूच तोंड उघडलं. मीही वाकून बघितलं. नुसत्या गुलाबी हिरड्या. पोराला अजून एकही दात आला नव्हता.

डॉक्टरसाहेबांनी हिरड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बहोत खराब है, अम्मा. टाइम लगेगा."

"लागू द्या," ती म्हणाली. "आमी बसतो."