पेवात दुसऱ्यांदा उतरताना

१९४३ सालचा माघ महिना, वद्य पंचमी. सांगलीजवळ नदीकाठच्या माळावर माझं हळदीचं पेव उघडायचं ठरलं. रोजची मजुरी बोलली गेली ती अशी : आत उतरून पाट्या भरणाऱ्याला दोन रुपये, वर दोर ओढणाऱ्या चौघांना बारा-बारा आणे, एकूण पाच रुपये. हजर होते मी, मुकादम, त्याचे पाच हमाल आणि फौजेतून रजेवर आलेला माझा मेहुणा.

पेव म्हणजे मातीत खणलेला मोठा रांजणच. तोंड जेमतेम माणूस मावेल एवढं, पोट खोल आणि रुंद. आतून लिंपून पाचट घालतात, हळद ओततात आणि तोंडावर फरशी टाकून माती लोटतात. हळद अशी वर्षानुवर्षं टिकते. पण कोंडलेल्या पेवात हवा मरते. म्हणून फरशी काढल्यावर तोंड बराच वेळ उघडं ठेवायचं आणि मग पेटता कंदील दोराने खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तर उतरायचं, विझला तर थांबायचं. आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. माझं पेव आदल्या साली निम्मं रिकामं केलं होतं, त्यामुळे माल तळाशी आणि त्याच्यावर दोन पुरुष उंचीची पोकळी होती.

लढाईमुळे रॉकेल मिळणं मुश्कील होतं. कंदील आणला होता, पण कोरडा.

"मालक, दिवा कशानं लावायचा? थुंकीनं?" मुकादम म्हणाला.

मेहुण्याने खिशातून बॅटरी काढली. "दाजी, ही सोडा. मिल्टरीचा माल हाय. वाऱ्यानं इजत न्हाई, पाण्यानं इजत न्हाई."

"आरं तिच्या! मंग तर लय झ्याक," मुकादम म्हणाला.

बॅटरी सुतळीला बांधून खाली सोडली. पेवाचा तळ कधी नव्हे इतका स्वच्छ दिसला. उजेड जळतोय म्हणजे हवा चांगली, एवढंच आमच्या डोळ्यांना जन्मभर माहीत होतं. आठ माणसं वाकून बघत होतो, एकालाही शंका आली नाही.

माल किती उरला ते काठीने मोजायला मी नेहमी स्वतः आधी उतरत असे. कमरेला दोर बांधून उतरलो. पाय हळदीवर टेकले. जरा ऊब वाटली. मग कानात भुंगा शिरल्यासारखं झालं आणि गुडघे गेले. वर हाक मारायची होती. तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. वर गोल तोंडाएवढं आभाळ होतं, ते कडेकडेने काळं होत आत आलं.

शुद्धीवर आलो तेव्हा तोंड मातीत होतं आणि कुणीतरी पाठीवर गुद्दे घालत होतं. दोर ढिला पडलेला पाहून त्यांनी ओढलं होतं. मुकादम पेवाच्या तोंडावर वाकला आणि तसाच राहिला.

"आरं," तो हळूच म्हणाला, "ही इजलीच न्हाई."

खाली बॅटरी तशीच जळत होती. तिला जळायला हवा लागतच नाही, हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आलं. मेहुणा खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. हमालांनी कशीबशी फरशी ओढली आणि सगळे निघून गेले.

दोन दिवसांत अंग सुधारलं. सांगलीच्या डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं ठीक आहे म्हणाले. पण पलूसला घरी आलो आणि माजघराचं दार लावल्याबरोबर उठून बाहेर पळालो. तेव्हापासून थंडीत गोठ्यात झोपायला लागलो. घोंगडं डोक्यावरून घेता येईना. देवळात गाभाऱ्याच्या उंबऱ्यापाशी पाय अडायचे. न्हाव्याने गळ्याभोवती फडकं आवळलं तसा अर्धी दाढी तशीच ठेवून उठलो. गावात हसू झालं. मी तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो, घरात सहा खाणारी तोंडं होती, आणि मला दाराच्या कडीची भीती वाटत होती.

मेहुणा रजा संपायच्या आधीच वडूजला आईबापाला भेटून निघून गेला. जाताना माझ्याकडे बघेना.

पंधरवड्याने मुकादम आला. मी म्हटलं, "माणसं घेऊन ये, माल काढून टाकू. फरशी घाईत ठेवलीय, ओल लागंल."

"माणसं हायती मालक. पर ती म्हंत्यात, त्या पेवात मालकाचं पाऊल आधी पडाय पायजे."

"आणि मी न्हाई उतरलो तर?"

"तर हळद हाय तितंच. पेवात कुनी पडल्यावर आदी मालक उतरतो, मंगच हमाल उतरतो. ही रीत माजी न्हवं, माज्या आज्याची हाय."

त्याचं म्हणणं वाजवी होतं. दुसऱ्या मुकादमांकडेही मी विचारून आलो, सगळीकडे तेच उत्तर मिळालं. आत माझ्या हिशेबाने पासष्ट पोती होती. त्या साली जोंधळा पिकला नव्हता, तो विकत घ्यायचा होता तो याच हळदीवर. पावसाच्या आत ती निघाली नाही तर घरात काय शिजणार, हे मी रोज गोठ्यात पडून मनात मांडत असे आणि दर खेपेला उत्तर तेच येत असे.

हमालांची ही अट बायकोला मी सांगितली नव्हती. तिने मुकादमाचं बोलणं दाराआडून ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सूप माझ्यासमोर ठेवलं.

"आजपास्नं जोंधळं तुमी काढायचं."

मागल्या सालच्या उरल्यासुरल्या जोंधळ्याची कणगी आतल्या अंधाऱ्या खोलीत होती. खिडकी नाही.

"तुला काय झालं?"

"माजं गुडघं दुकत्यात."

तिचे गुडघे काही दुखत नव्हते. पहिल्या दिवशी मी दार सताड उघडं ठेवून धावत आत गेलो, निम्मे दाणे सांडत बाहेर आलो. "कोंबड्यांची चैन केलीसा," ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिने दार अर्धं लोटलं. मग पुरतं. छाती धडधडायला लागली की मी मोठ्याने पावकी म्हणायला लागायचो, शाळेत पाठ केलेला पाव पटीचा पाढा. बाहेरून ती ओरडायची, "चुकलं!" तिला पावकी येत नव्हती. पण मी रागाने पुन्हा पहिल्यापासून म्हणायचो आणि तेवढा वेळ आत निघून जायचा.

संध्याकाळी ती दिवा लावत नसे. जेवणं उजेडी उरकून घेई. रेशनवर मिळणारं रॉकेल ती एका बाटलीत साठवत होती. कशासाठी ते मला कळत होतं, आणि बाटली भरत चालली तशी माझी भूक कमी होत चालली. कधी कधी वाटायचं, बाटली कुणाच्या तरी पायाने लवंडावी.

वैशाखात ती भरली. बायको स्वतः माझ्याबरोबर माळावर आली. बायकामाणूस पेवावर येत नाही, पण हमालांनी तिला वाट करून दिली.

आदल्या दिवशीच फरशी काढून ठेवली होती. कंदील पेटवून खाली सोडला. तळाशी पोचायच्या आत ज्योत बारीक झाली आणि विझली. मनात आलं, सुटलो, आता नको. पण हमालांनी लिंबाच्या डहाळ्यांचा भारा दोराला बांधला आणि तो खाली-वर, खाली-वर करत दुपारपर्यंत हवा घुसळली. पुन्हा कंदील सोडला. जळत राहिला. काढला, परत सोडला. जळत राहिला.

"बगा मालक," मुकादम म्हणाला. "म्या काय जोर करत न्हाई."

दोर बांधून घेतला. बायको पेवाच्या तोंडाशी बसली.

"आवं, बोलत ऱ्हावा. गप झालासा की वढनार."

"काय बोलू?"

"कायबी. मला शिव्या द्या. उगं पावकी म्हनत हुतासा न्हवं दोन-तीन म्हयनं, आता म्हना."

उतरलो. खोलीतला तो सगळा सराव इथे उपयोगी पडेल असं मी धरून चाललो होतो. पाय हळदीला लागले आणि पावकीचा एक अंक आठवेना. भीती होती तेवढीच होती, कणभर कमी नव्हती. धोतर ओलं झालं. मी कंदिलाला जवळजवळ मिठी मारून उभा राहिलो, ज्योतीवरून नजर हलवेना.

"बोला की!"

"जळतोय," मी म्हणालो.

"आनि?"

"जळतोय."

तो एकच शब्द मी म्हणत राहिलो. म्हणता म्हणता एक गोष्ट लक्षात आली. गुडघे लटपटत होते, पण मोडत नव्हते. मागल्या खेपेला ते हवेने गेले होते, आता नुसते भीतीने हलत होते. भीतीने हलणाऱ्या पायांवर माणूस उभा राहू शकतो. मी वाकलो, पाटी पुढे ओढली आणि हातांनी हळद भरली. पाटी वर गेली. दुसरी भरली. मग म्हणालो, "वढा."

वर आल्यावर बायकोने माझ्या धोतराकडे एकदा बघितलं. पदराने फक्त माझ्या तोंडावरची हळद पुसली.

मग उतरणारा हमाल पुढे आला. पस्तिशीचा, वर्षानुवर्षं हेच काम करणारा. त्याच्या कमरेला दोर मी बांधला. गाठ मारताना हात त्याच्या पोटाला लागला, तेव्हा पोट थरथरत असलेलं कळलं.

"भ्या वाटतंय?" मी हळू विचारलं.

"रोजच वाटतंय, मालक," तो म्हणाला. "सांगायचं कुनाला?"

तो उतरला आणि पोती वर यायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी पेव मोकळं झालं. चौसष्ट पोती भरली, त्यातली दोन ओलीने गेलेली. मी अजूनही दाराला आतून कडी न घालता झोपतो. ते काही गेलं नाही.

मजुरी पेवाच्या तोंडाशीच रोख चुकती केली. ओढणाऱ्या चौघांना दोन दिवसांचा दीड-दीड रुपया, मुकादमाला देखरेखीचा एक रुपया, आणि जो उतरला त्याला ठरलेल्या दोन दिवसांच्या चारऐवजी आठ रुपये, मुकादमाच्या हातात न देता त्याच्याच हातात.