कोरसनं हलायचं नाही

यमुताई निमजेंनी पहिल्याच रविवारी पोरींना सुरी कुठे खुपसायची ते शिकवलं. बरगडीखाली, तिरपी. शाळेत आयुष्यभर प्रार्थना शिकवलेल्या या बाई! निवृत्तीनंतर यांच्या डोक्यात ऑपेरा शिरला. बुटीबोरीच्या कापडगिरणीतल्या पोरी नागपुरात सदर भागातल्या एका हॉलमध्ये जमवून त्या इटलीतलं दोनशे वर्षांपूर्वीचं नाटक बसवत होत्या. संवादसुद्धा गाऊनच म्हणायचे. शेवटी भाऊ बहिणीला भोसकतो, कारण तिने परक्या घराण्यातला मुलगा निवडलेला असतो. भिंतीवर व्हिडिओ लावला, तेव्हा मरता मरता गातच राहणाऱ्या नायिकेला पोरी आधी हसल्या, मग पुढे सरकून पाहू लागल्या. मी पेटीवर होतो.

काजलने विचारलं, "ताई, आमी इतक्या जणी बाजूलेच उभ्या, मंग त्याले पकडत काहून नाही?"

"कोरसनं हलायचं नाही वं. पाहायचं आन् गायचं. तुमी हलल्या त बहीण मरन कशी?"

बहिणीचं काम अंजूकडे होतं. तिचं जातीबाहेरच्या प्रशिकशी जमलेलं सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिचा भाऊ चंदन 'कापून टाकीन' म्हणतो हेही. तरी ताईंनी त्यालाच तालमीला बोलावलं. मला संताप आला, तोंडावर बोललोही.

"तिले मरताना पायलं का शहाणा होईन थो," म्हणाल्या. कप्पाळ!

तो आला. अंजूने स्वर लावला आणि चंदन थेट मंचावर चढला. केस धरून त्याने तिला आपटलं, माझी पेटी लाथेने उडवली आणि खिशातून खरा चाकू काढला. पहिला वार तिच्या दंडावर बसला. रक्त उडालं. पोरी अर्धवर्तुळात जागच्या जागी उभ्या. दोघी तर गात होत्या! शिकवलेलंच करत होत्या बिचाऱ्या.

"पाहून काय राहिल्या वं? धरा त्याले!" ताई किंचाळल्या आणि स्वतःच त्याच्यावर पडल्या. मग सगळ्याच तुटून पडल्या. काजलने मनगट पिरगाळून चाकू सोडवला, कुणी चावलं, कुणी तोंडावर स्टूल हाणलं. दात पडले.

"सोडा! मरून जाईन थो! भाऊ हाय माहा!" अंजू रक्ताळल्या हाताने ताईंनाच बुक्क्या मारू लागली. पोरी मागे सरल्या. ताईंनी मात्र पोलीस येईपर्यंत त्याच्या छातीवरचा गुडघा काढला नाही.

चंदन आता तुरुंगात आहे. नाटक मोडलं. अंजू ताईंच्याच घरी राहते, त्यांच्याच हातचं जेवते. पण भावाला आत घातलं म्हणून त्यांच्याशी अक्षर बोलत नाही.

"वाईट नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना," ताई म्हणाल्या. "पण अबोला धराले पोरगी जिती त हाय."