कोयता कुठे लावतोस?

बाजारात कुणी शहाळं सोलताना दिसला की ती केस हमखास आठवते. निवृत्तीनंतर माणसाच्या सोबतीला रक्तदाबाच्या गोळ्या आणि जुन्या केसेस उरतात. त्यातली ही माझी लाडकी केस.

रायगडच्या किनाऱ्यावरचं आमचं पोलीस ठाणं. पर्यटकांचा हंगाम, त्यात निवडणुकीमुळे मनाई आदेश लागू. एका दुपारी एक पर्यटक बाई रडत ठाण्यात आल्या. सुरूच्या बनात तोंडाला रुमाल बांधलेल्या माणसाने कोयत्याचा धाक दाखवून त्यांचं मंगळसूत्र खेचून नेलं होतं. चेहरा दिसला नव्हता. 'त्याने शर्ट वर केला आणि पोटाशी खोचलेला कोयता उपसला,' एवढं मात्र त्यांनी ठामपणे सांगितलं. मी ते फिर्यादीत जसंच्या तसं घेतलं.

खबर लगेच मिळाली. किनाऱ्यावर पर्यटकांना वाळूतल्या गाड्या भाड्याने देणारा एक जण आमच्या हवालदाराला म्हणाला, 'चौलचा तो नारळ पाडणारा असेल, साहेब. कोयता घेऊनच फिरतो. आज पण इधरच होता.' हवालदार तडक एसटी स्टँडवर गेला आणि नारळवाल्याला कोयत्यासकट उचलून आणलं. मंगळसूत्र काही मिळालं नाही.

'मंगळसूत्र जाऊ द्या, साहेब,' हवालदार म्हणाला. 'कोयता तर मिळाला ना? मनाई आदेशाचा भंग तरी लावू.'

इथे खरी पंचाईत होती. शस्त्रांच्या कायद्यात शेतीच्या अवजाराला सूट आहे. मनाई आदेशात मात्र इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू बाळगायला बंदी, आणि कामाधंद्यासाठी बाळगणाऱ्याचं काय, यावर ठाण्यात जितकी डोकी तितकी मतं. तेवढ्यात नारळवाल्याची बायको आली. आवाज न चढवता तिने विचारलं, 'साहेब, झाडावर हाय तवर त्यो अवजार, आनि रस्त्यात आला का हत्यार व्हतो काय? मंग वाडीत जायाचा कसा, पाखरावानी उरून?'

ती पुढे म्हणाली, 'केस झाली तर कुनी वाडीत पाय ठेवू देनार न्हाय. बायाबापड्यांची घरं हायेत तिथं.' खरंच होतं. गुन्हा दाखल झालेल्या माणसाला कोण आपल्या परसात झाडावर चढवील? मला बाईचा राग आला नाही, स्वतःचा आला. ठाण्याचा प्रमुख मी, आणि एवढा साधा प्रश्न मला आधी पडला नव्हता.

मी नारळवाल्याला समोर घेतलं. 'कोयता कुठे लावतोस? लावून दाखव.'

त्याने कमरेला दोरी आवळली, तिला लाकडी आकडा अडकवला आणि कोयता बरोबर पाठीमागे टांगला.

'पुढे का नाही लावत?'

'पुढं लावला आनि झाडाला मिठी मारली तर आतडीच भायेर येतील, साहेब.'

मी हसलो आणि लगेच थांबलो. बाईंच्या फिर्यादीतला कोयता पोटाशी होता, शर्टाखाली. ज्याचा जन्म झाडं चढण्यात गेला, तो चोरी करायला निघाला तरी हात आपोआप पाठीमागेच जाणार. सवय कुणाची सुटत नाही, चोराची तर मुळीच नाही.

मग याचं नाव इतक्या घाईने पुढे का आलं? मी खबर देणाऱ्यालाच बोलावलं. साक्षीदाराला द्यावा तसा मान दिला, चहा पाजला. फिर्यादीतला मजकूर बाहेर कुणालाच माहीत नव्हता.

'रोज बघतोस ना रे त्याला?'

'रोज, साहेब.'

'कोयता कुठे असतो त्याचा?'

त्याने बेधडक पोटावर हात ठेवला. 'इथं. शर्टाच्या आत खोचतो.'

मी नारळवाल्याला आत बोलावलं आणि पाठमोरं उभं केलं. कोयता आकड्याला लोंबत होता. गाडीवाल्याने चहाचा कप खाली ठेवला आणि दाराकडे पाहिलं. मग फार वेळ लागला नाही. पंचांसमोर त्याच्या एका गाडीची सीट उचलली, तर खाली मंगळसूत्र आणि एक कोराकरकरीत कोयता. मुठीवर दुकानाची चिठ्ठी अजून चिकटलेली. नारळवाल्यावर बालंट आणायला निघालेला माणूस स्वतःच्या पोटावर हात ठेवून पकडला गेला. इतका आनंद मला बढतीच्या वेळीही झाला नव्हता.

टेबलावर दोन कोयते पडले होते. पाती जवळजवळ सारखी. एक लाखेची मोहोर लावून मुद्देमालात गेला, दुसरा मी मालकाच्या हातात दिला. कायदा पात्याची लांबी-रुंदी सांगतो. ते पातं कुणाच्या कमरेला आणि कशासाठी आहे, हे पोलिसाने विचारायचं असतं. त्या दिवसापासून मी आधी ते विचारलं, कलम मागाहून शोधलं.

नारळवाला दारात घुटमळला. 'साहेब, आता न्हेऊ कसा? पिशवीत घातला तर लपवला म्हनाल, हातात धरला तर दहशत म्हनाल.'

'झाडावर नेतोस तसाच ने,' मी म्हणालो. 'पाठीला लाव. सगळ्यांना दिसू दे.'

ज्या हवालदाराने त्याला उचलून आणलं होतं, त्यानेच पुढे होऊन आकडा नीट बसवला. मग ते तिघे, नारळवाला, त्याची बायको आणि गणवेशातला हवालदार, भर बाजारातून एसटी स्टँडकडे गेले. कोयता उन्हात लखलखत होता. लोक बाजूला होऊन वाट देत होते.

मनाई आदेश त्या दिवशीही लागूच होता.